ट्रेलरच्या टायरचं आधी वय बघा

कॅम्पिंग ट्रेलर घेतलात, छान केलंत! पण मुंबईबाहेर काढण्याआधी टायरवरचे चार आकडे शोधा. 2319 असेल तर टायर 2019 च्या तेविसाव्या आठवड्यातला. ट्रेलर वर्षातला बराच काळ सोसायटीत उन्हापावसात उभाच असतो. नक्षी कोरी दिसते, पण रबर कडक होऊन बारीक भेगा पडतात. सहा वर्षं झाली की मी टायर बदलतोच, कितीही नवा दिसो.

दुसरं म्हणजे हवा. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्याला दबतो, आतून तापतो आणि भर हायवेवर फुटतो. म्हणून हवा घरूनच, टायर थंड असताना तपासा. पनवेलच्या पंपावर पोचेपर्यंत टायर तापलेला असतो, काटा जास्तच दाखवणार. तो बघून हवा अजिबात काढू नका!

तिसरं म्हणजे वजन. सामान भरून ट्रेलर एकदा वजनकाट्यावर न्या, टायरना झेपेल त्याहून जास्त भार नको. 100 लिटर पाणी म्हणजे 100 किलो, हे हमखास विसरलं जातं.

स्टेपनीतही हवा भरा, आणि गाडीचा पाना ट्रेलरच्या नटांना बसतो का ते घरीच लावून बघा.