जँगोमध्ये कॉन मॅक्स एज 'नन' आणि पोस्टग्रेसमध्ये मॅक्स कनेक्शन्स १००० ठेवावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जँगोचं (पायथनमधलं वेब फ्रेमवर्क) अ‍ॅप लॅपटॉपवर पोस्टग्रेस डेटाबेसला मस्त जोडलं जातं, सर्व्हरवर टाकलं की 'कनेक्शन रिफ्यूज्ड' येतं, होस्टमध्ये लोकलहोस्टच (म्हणजे 'हेच मशीन') लिहिलंय. आणि सिनिअर म्हणतायत की कॉन मॅक्स एज (जँगोने एक कनेक्शन किती सेकंद उघडं ठेवायचं) नन, म्हणजे 'कधीच बंद नको', करून टाका, डेटाबेसचं मॅक्स कनेक्शन्स (एकावेळी जास्तीत जास्त किती कनेक्शनं) १००० करा, म्हणजे पुढे कटकट नको.

खरं सांगायचं तर मी या दुसऱ्या भागासाठी लिहायला बसलेय. पहिला पटकन उरकते.

रिफ्यूज्ड म्हणजे त्या पत्त्यावर, त्या पोर्टवर ऐकायला कुणी बसलेलंच नाही. युजर, पासवर्ड, डेटाबेसचं नाव यांचा अजून संबंधच आलेला नाही, तेव्हा ते बदलून बदलून बघणं बंद करा. अ‍ॅप डॉकरमध्ये, म्हणजे कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात, असेल (बहुतेक असणारच) तर कंटेनरच्या आतलं लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनरच, तिथे पोस्टग्रेस कुठून येणार? होस्टमध्ये डॉकरच्या कंपोज फाइलमधलं डेटाबेसच्या सर्व्हिसचं नाव टाका. डेटाबेस वेगळ्या मशीनवर असेल तर पोस्टग्रेस मुळात फक्त लोकलहोस्टवर ऐकतो, लिसन अ‍ॅड्रेसेस हे सेटिंग बदलावं लागतं आणि त्याला पूर्ण रीस्टार्ट लागतो, रीलोडने भागत नाही. त्यानंतर 'पीजी एचबीएमध्ये एंट्री नाही' अशी एरर येईल (पीजी एचबीए म्हणजे कुठून कुणी जोडायचं ते ठरवणारी पोस्टग्रेसची फाइल), ती आली तर खूश व्हा, म्हणजे सर्व्हरपर्यंत पोचलात. तिथे अ‍ॅपच्या मशीनच्या आयपीपुरती एक ओळ टाका, सगळ्या जगाला उघडी करणारी ओळ कॉपी-पेस्ट करू नका. एरर न येता नुसतं लटकून टाइमआउट होत असेल तर फायरवॉल. झालं.

आता नन आणि १०००.

माझ्या आधीच्या नोकरीत हेच दोन आकडे, हेच शब्द आणि तोच 'पुढे कटकट नको' असा सूर होता. जँगोचंच अ‍ॅप, ऑर्डर आणि पेमेंट घेणारं. चार अ‍ॅप सर्व्हर, प्रत्येकी ४ कोअर, गनिकॉर्नच्या (जँगो अ‍ॅप चालवणारा प्रोग्रॅम) डॉक्युमेंटेशनमधलं ते 'कोअर गुणिले दोन अधिक एक' वाचून प्रत्येकावर ९ वर्कर (अ‍ॅपच्या वेगवेगळ्या प्रोसेस), आणि कुणीतरी उत्साहात प्रत्येक वर्करला ४ थ्रेड (एका प्रोसेसमध्ये समांतर चालणारी कामं) दिलेले. आमच्या लीडनी कुठेतरी वाचलं की दर रिक्वेस्टला नवीन कनेक्शन उघडणं महाग पडतं (ते खरंच आहे), म्हणून कॉन मॅक्स एज नन. जँगोमध्ये कनेक्शन थ्रेडला बांधलेलं असतं, म्हणजे एका थ्रेडने एकदा डेटाबेसला हात लावला की ननच्या कृपेने ते कनेक्शन त्याच्याकडेच, काम असो नसो. ४ गुणिले ९ गुणिले ४ म्हणजे १४४. पोस्टग्रेसचं मॅक्स कनेक्शन्स डिफॉल्ट १००, त्यातली ३ सुपरयुजरसाठी राखीव. हा गुणाकार शाळेतलं पोर करेल, पण तो कुणी केलाच नव्हता, कारण रोजच्या लोडला सगळे थ्रेड वापरातच येत नव्हते आणि सगळं गोड चाललं होतं.

मग लोड वाढला आणि 'सॉरी, टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी' सुरू झालं.

मी तेव्हा टीममध्ये डेटाबेस बघायचे, म्हणजे पदावर तसं लिहिलेलं नव्हतं पण रात्री फोन मलाच यायचे. मी म्हटलं दहा मिनिटं द्या, कोण कनेक्शन धरून बसलंय ते बघते. लीड म्हणाले बघायचं काय त्यात, एररमध्येच लिहिलंय की क्लायंट जास्त झालेत, लिमिट १००० कर. मी म्हटलं नळ वाढवल्याने टाकीतलं पाणी वाढत नाही. मीटिंगमध्ये दोघं हसले, ते हसले नाहीत, आणि १००० झालं. हे सेटिंग बदलायला पोस्टग्रेस रीस्टार्ट करावा लागतो, तोही भर लोडमध्ये केला.

अर्धा तास शांतता होती, आणि मग जे झालं ते आधीपेक्षा वाईट. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शन म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमवरची एक वेगळी प्रोसेस असते, मायएसक्यूएलसारखा थ्रेड नाही. त्यात वर्क मेम (क्वेरीतल्या सॉर्टसारख्या कामाला मिळणारी मेमरी), ज्याचं डिफॉल्ट ४ एमबी असतं, ते रिपोर्ट फास्ट व्हावेत म्हणून कुणीतरी ६४ एमबी करून ठेवलेलं. आणि ही मेमरी कनेक्शनला एकदा मिळते असं नाही, एका क्वेरीत तीन सॉर्ट असतील तर तीनदा लागू शकते. आधी १०० च्या लिमिटमुळे हे झाकलेलं होतं. लिमिट उठली, सगळ्या थ्रेडनी, सेलरीच्या (मागे कामं उरकणारं साधन, पगार नव्हे) वर्करनी, रिपोर्टच्या क्रॉननी (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) कनेक्शनं घेतली, मशीनची मेमरी संपली आणि लिनक्सच्या ओओएम किलरने पोस्टग्रेसची एक प्रोसेस मारली. एकच मारली. पण पोस्टग्रेसची एक प्रोसेस अशी अचानक मेली की शेअर्ड मेमरी बिघडली असेल या भीतीने तो बाकीची सगळी कनेक्शनं तोडतो आणि रिकव्हरीत जातो. त्यामुळे आधी काही लोकांना एरर येत होती, आता सगळ्यांना यायला लागली. लीडचं त्यावरचं मत: पोस्टग्रेस कच्चा आहे, दुसरा डेटाबेस बघूया.

मी तोवर पीजी स्टॅट अ‍ॅक्टिव्हिटी (कोणतं कनेक्शन काय करतंय ते दाखवणारा पोस्टग्रेसचा तक्ता) उघडून बसले होते. हा व्ह्यू तुम्ही आजच उघडून बघा, सगळं नीट चालू असताना बघा, म्हणजे बिघडल्यावर फरक कळतो. स्टेटच्या कॉलमात बहुतेक ओळी 'आयडल', म्हणजे ननवाले, नुसते बसलेले. 'अ‍ॅक्टिव्ह' मोजके, आणि त्यातलेही बरेच लॉकची वाट बघत. मधे मधे 'आयडल इन ट्रान्झॅक्शन', म्हणजे ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्के होणारे बदल) अर्धवट उघडी ठेवून बसलेले, आणि त्या सगळ्यांसमोर शेवटची क्वेरी एकच: ऑर्डरच्या टेबलवर 'सिलेक्ट फॉर अपडेट'. म्हणजे कुणीतरी ऑर्डरच्या ओळीला लॉक लावून, ट्रान्झॅक्शन उघडी ठेवून, दुसरीकडेच कुठेतरी गेलंय. ट्रान्झॅक्शन किती वेळापासून उघडी आहे तेही तिथेच दिसतं, आणि ते सेकंदांत नव्हतं, मिनिटांत होतं.

कोड उघडला. अ‍ॅटॉमिक रिक्वेस्ट्स ट्रू, म्हणजे जँगोचा अख्खा व्ह्यू (रिक्वेस्ट हाताळणारं फंक्शन) एका ट्रान्झॅक्शनमध्ये. आत आधी ऑर्डरची ओळ लॉक केली, मग बाहेरच्या पेमेंट सर्व्हिसला पायथनच्या 'रिक्वेस्ट्स' लायब्ररीने कॉल, मग सेव्ह. त्या लायब्ररीत तुम्ही टाइमआउट दिला नाही तर डिफॉल्ट टाइमआउट नाहीच, ती उत्तराची वाट बघतच राहते. समोरची सर्व्हिस त्या दिवशी मंद होती. इतकंच. तिकडे उत्तर यायला वेळ, इकडे लॉक धरलेलं, युजर वैतागून परत बटण दाबतोय, ती रिक्वेस्ट त्याच लॉकपाशी येऊन उभी, प्रत्येकीच्या हातात एक कनेक्शन. कनेक्शनं कमी पडत नव्हती हो, ती परतच येत नव्हती! यात १००० काय आणि ५००० काय.

कॉल ट्रान्झॅक्शनच्या बाहेर काढला: आधी 'पेंडिंग' म्हणून सेव्ह करून कमिट, मग ५ सेकंदांच्या टाइमआउटने कॉल, मग दुसऱ्या छोट्या ट्रान्झॅक्शनमध्ये निकाल. डेटाबेसला 'आयडल इन ट्रान्झॅक्शन सेशन टाइमआउट' लावला, पोस्टग्रेस ९.६ पासून तो आहे आणि डिफॉल्टला बंद असतो, म्हणजे कुणी लावतच नाही. मधे पीजीबाउन्सर (थोडी कनेक्शनं सगळ्यांत वाटून देणारा प्रोग्रॅम) बसवला, ट्रान्झॅक्शन मोडमध्ये, म्हणजे ट्रान्झॅक्शन संपली की कनेक्शन दुसऱ्याला. त्याचा डिफॉल्ट पूल (वाटून वापरायच्या कनेक्शनांचा साठा) साइज २० आहे. सगळे १४४ थ्रेड, वर सेलरी, हे सगळं त्या वीसवर चाललं, आणि मॅक्स कनेक्शन्स परत १०० केलं. नंतर जो मेल वरपर्यंत गेला त्यात लिहिलं होतं की 'डेटाबेसची क्षमता वाढवल्यामुळे' प्रश्न सुटला. क्षमता वाढवल्यामुळे!! असो.

तर तुमच्या सिनिअरना नम्रपणे एवढंच विचारा की आपले सर्व्हर गुणिले वर्कर गुणिले थ्रेड किती होतात, त्यात सेलरी, क्रॉन आणि हाताने उघडलेले पीएसक्यूएल (पोस्टग्रेसचा कमांड प्रोग्रॅम) मिळवा, आणि डिप्लॉय करताना जुने आणि नवे वर्कर थोडा वेळ एकत्र जिवंत असतात तेही धरा. हा आकडा त्यांना तोंडपाठ नसेल तर १००० हा आकडा त्यांनी कुठून आणला तेही विचारा. जावावाल्यांच्या हिकारी लायब्ररीचा पूल डिफॉल्टला १० वर थांबतो, रुबीवाल्यांच्या रेल्सचा ५ वर, ते लोक काय वेडे आहेत का.

कॉन मॅक्स एज ६० ठेवा आणि कॉन हेल्थ चेक्स ट्रू करा (जँगो ४.१ पासून आहे), नाहीतर डेटाबेस रीस्टार्ट झाल्यावर मेलेलं कनेक्शन हातात घेऊन पहिली रिक्वेस्ट आपटते. पण ६० म्हणजे साठाव्या सेकंदाला आपोआप बंद, असं समजू नका. जँगो वय तपासतो ते रिक्वेस्ट सुरू होताना आणि संपताना. त्या थ्रेडला पुढची रिक्वेस्टच आली नाही तर कनेक्शन तासभरही तसंच उघडं राहील. स्वतःची लांब चालणारी कमांड लिहिली असेल तर तिथे रिक्वेस्टच नसते, तेव्हा क्लोज ओल्ड कनेक्शन्स स्वतः बोलवावं लागतं. आणि रनसर्व्हरवर (जँगोचा डेव्हलपमेंटपुरता सर्व्हर) हे काहीच तपासता येत नाही, तो दर रिक्वेस्टला नवा थ्रेड करतो, त्यामुळे 'माझ्याकडे तर नन नीट चालतं' या वाक्याला शून्य किंमत आहे.

कुणी म्हणेल जँगो ५.१ मध्ये पूल आत आलाय, मग पीजीबाउन्सर कशाला. आलाय, सायकॉपीजी ३ (पायथनला पोस्टग्रेसशी जोडणारी लायब्ररी) लागतं त्याला, चांगला आहे. पण तो पूल प्रत्येक प्रोसेसचा वेगळा असतो. डिफॉल्ट ४ धरले तरी ९ वर्करचे ३६, चार सर्व्हरचे परत १४४. गुणाकार काही सुटत नाही.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. तुमचं अ‍ॅप छोटं असेल, एक सर्व्हर, चार-पाच वर्कर, तर यातलं काहीच करू नका, कॉन मॅक्स एज डिफॉल्ट ० वर सोडा आणि झोपा. पोस्टग्रेस १४ पासून नुसत्या बसलेल्या कनेक्शनांचा भार बराच कमी झालाय, त्यामुळे २००-३०० करणं म्हणजे पाप नाही, मेमरीचा हिशोब करून करा. पीजीबाउन्सर ट्रान्झॅक्शन मोडमध्ये लावलात तर जँगोमध्ये डिसेबल सर्व्हर साइड कर्सर्स (कर्सर म्हणजे निकाल थोडा थोडा वाचायची खूण) ट्रू करायला विसरू नका, नाहीतर इटरेटर वापरणारा कोड मधेच 'कर्सर सापडत नाही' म्हणून रडतो आणि ते लोकलला कधीच दिसत नाही. एएसजीआयवर (जँगो असिंक चालवायची पद्धत) चालवत असाल तर कॉन मॅक्स एज ० च ठेवा, तिथे ६० सुद्धा नको, जँगोवालेच तसं सांगतात.

रिफ्यूज्ड तरीही जात नसेल तर सर्व्हरवर ५४३२ वर (पोस्टग्रेसचं नेहमीचं पोर्ट) कोण ऐकतंय ते एसएस कमांडने बघा आणि ती ओळ व पूर्ण एरर इथे टाका. पासवर्ड खोडून, मागच्या आठवड्यात एकाने तसाच टाकला होता.