वाचकांचे प्रश्न : अभयारण्यातील समुद्र आणि मासेमारी नौकांचा कचरा

प्रश्न : आम्ही काही कुटुंबे सोलापूरहून मालवणला गेलो होतो. किल्ल्याकडे जाताना शेजारच्या एका मासेमारी नौकेतून तळाचे पाणी उपसून समुद्रात सोडले जात होते आणि त्यावर तेलाचा रंगीत तवंग पसरत होता. हा भाग अभयारण्यात येतो, असे आमच्या नावाड्याने सांगितले. मग अशा नौकांना कोणताच कायदा लागू नाही काय?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : कायदे लागू आहेत आणि ते एकाहून अधिक आहेत. मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर असून सिंधुदुर्ग किल्ला व पद्मगड यांच्या परिसरातील ३.१८ चौरस किलोमीटर हा त्याचा गाभा आहे. वन्यजीवांना अपाय होईल असे रसायन किंवा अन्य पदार्थ अभयारण्यात वापरण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम ३२ ने मनाई केली आहे, तर कलम २९ अधिवासाची हानी रोखते. ‘मार्पोल’ या आंतरराष्ट्रीय करारानुसार कोणत्याही नौकेवरून, मग ती मासेमारीची का असेना, प्लास्टिक समुद्रात टाकता येत नाही. नायलॉनच्या जाळ्यांचे तुकडेही त्यात आले. उरलेला भातसुद्धा बारीक केला असेल तर किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांपलीकडे आणि तसाच टाकायचा तर बारा मैलांपलीकडे, असा त्यातील साधारण नियम आहे.

खरी अडचण अंमलबजावणीत आहे. अभयारण्य वन विभागाकडे, मासेमारीचा परवाना मत्स्यव्यवसाय विभागाकडे, बंदर सागरी मंडळाकडे आणि पाण्याचे प्रदूषण प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. अशा वाटणीत तवंगाची तक्रार या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिली तर नवल नाही. शिवाय कचऱ्याची नोंदवही ठेवण्याचे मार्पोलचे बंधन मोठ्या जहाजांसाठी आहे. आपल्याकडील बहुतेक ट्रॉलर त्या मर्यादेच्या खूप खाली असल्याने मनाई लागू असूनही नौकेवर तपासण्यासारखा कागद नसतो.

आपण पाहिलेला तवंग कसा तयार होतो, हेही समजून घ्यावे. इंजिनाखाली नौकेच्या तळाशी पाणी झिरपून साचते, त्यात गळलेले डिझेल व वंगण मिसळते आणि पंप सुरू केला की सगळे एकदम बाहेर जाते. हे पाणी उपसणे टाळता येत नाही, कारण ते साचू दिले तर नौकेलाच धोका असतो. तेल शोषणारी गादी तळात ठेवली आणि पंपाचे तोंड अगदी तळाशी न टेकवता वरचा तेलाचा थर ओढला जाणार नाही अशा बेताने ठेवले, तर बरेचसे तेल नौकेतच राहते. साबण ओतून तवंग घालवण्याचा प्रकार मात्र निव्वळ डोळ्यांत धूळफेक होय. तेल नाहीसे होत नाही, ते बारीक कणांनी पाण्यात मिसळते आणि माशांच्या अंड्यांना व पिल्लांना त्याची बाधा अधिक होऊ शकते.

म्हणूनच माझ्या मते नियमन समुद्रात गस्त घालून नव्हे, तर जेटीवर झाले पाहिजे. इंजिनातील जळके ऑइल बदलल्यावर ते ठेवायला धक्क्यावर पिंपच नसेल, तर तांडेलाने, म्हणजे नौकेच्या प्रमुखाने, ते न्यावे तरी कुठे? मच्छीमारांना डिझेलवरील कराचा परतावा सहकारी संस्थांमार्फत मिळतो. त्याच संस्थेने नवे ऑइल देताना जुने परत घ्यावे आणि त्याची नोंद परवान्याच्या नूतनीकरणाशी जोडावी, हे अवघड नाही. केरळात कोल्लमजवळ २०१७ पासून मच्छीमार जाळ्यात आलेले प्लास्टिक बंदरावर आणून देऊ लागले आणि त्याचा चुरा रस्त्यांच्या डांबरीकरणात वापरला गेला. आपल्याकडेही जाळे कापून कासवासारखे संरक्षित जीव सोडणाऱ्या मच्छीमारांना नुकसानभरपाई देण्याची योजना आहे, म्हणजे दंडाखेरीज दुसरा मार्ग सरकारला ठाऊक नाही असे नाही.

सोलापूरच्या वाचकांना यात नान्नजचे माळढोक पक्ष्यांसाठीचे अभयारण्य आठवेल. १९७९ मध्ये त्याची हद्द ८,४९६ चौरस किलोमीटर इतकी आखली गेली, तीत शेते आणि गावेही आली, आणि पुढे ती बरीच कमी करावी लागली. मालवणच्या मच्छीमारांनीही अभयारण्याला विरोध केला तो पोटापाण्याच्या काळजीनेच. प्रादेशिक समुद्रात अभयारण्य करताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचे हित जपावे, असे वन्यजीव अधिनियमाचे कलम २६-अ स्वतःच सांगते. कचऱ्याचा नियम त्यांच्या संस्थांना सोबत घेऊन केला, तरच तो पाळला जाईल.

प्रश्न : मासे साफ करून खलाशी डोकी आणि आतडी पाण्यात टाकतात, तोही कचराच का?
— एक वाचक, अक्कलकोट

उत्तर : मार्पोलच्या व्याख्येत मासेमारीच्या ओघात निघालेले ताजे मासे व त्यांचे भाग कचऱ्यात धरलेले नाहीत. खोल, वाहत्या पाण्यात त्यांचा उपद्रवही फारसा होत नाही. परंतु बंदराच्या आत, जिथे पाणी कोंडलेले असते, तिथे ते कुजतात आणि पाण्यातील प्राणवायू घटतो. त्यामुळे करारात सूट असली तरी बंदराने स्वतःच्या हद्दीत मनाई करणे योग्यच ठरेल.