उधारीची वही आणि यूएक्सचा कोर्स

नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. लेक कराडला बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला, तिला यूएक्स डिझाइनमधे (ॲप, वेबसाइट माणसांना वापरायला सोपी व्हावी म्हणून ती आखायचं काम) जायचंय, पुण्यातला एक क्लास चार महिन्यांचे १ लाख २० हजार मागतोय आणि वर जॉब गॅरंटी म्हणतोय, तिच्या बाबांचं म्हणणं सीए नाहीतर बँकेची परीक्षा, आणि तुमची भीती अशी की पोरीला चित्र धड काढता येत नाही आणि उद्या एआयच सगळं करणार मग हिचं काय. मी ह्या कामात चौदा वर्षं घालवली, मार्गदर्शन वगैरे नंतर सुरू केलं, त्यामुळे ऐकीव नाही, जे बघितलं तेच सांगतो.

आधी पैशांचं. एवढ्यात भरू नका. सगळे क्लास वाईटच असतात असं नाही, पण चार महिन्यांत शिकवतात ते मुख्यतः फिग्मा, म्हणजे स्क्रीन आखायचं सॉफ्टवेअर, आणि फिग्मा सुरुवातीला फुकट आहे, महिनाभर रोज दोन तास दिले की हात बसतो. गॅरंटीच्या कागदावरची बारीक अक्षरं मात्र आवर्जून वाचा, नोकरी कुठली, किती पगाराची, आणि नाही लागली तर पैसे परत की नुसत्या 'मुलाखती लावून देऊ'. मी भरतीला बसायचो तेव्हा क्लासची पोरं एकामागून एक तोच पोर्टफोलिओ, म्हणजे कामाच्या नमुन्यांची फाइल, घेऊन यायची, जेवण मागवायच्या ॲपला नवा रंग. हे कुणाला वापरायला देऊन बघितलंस का विचारलं की गप्प.

चित्राचं टेन्शन तर सोडाच. यूएक्स हा शब्द रूढ झाला तो डॉन नॉर्मन १९९३ साली ॲपल कंपनीत गेले तेव्हापासून, आणि ते मूळचे इंजिनियर आणि मानसशास्त्राचे प्राध्यापक. ह्या कामात माणसं बघता यावी लागतात, बाकीचं शिकता येतं.

म्हणजे काय ते सांगतो. एका दूध डेअरीच्या ॲपवर मी काम केलंय, नाव घेत नाही. पुण्यात एसीत बसून आम्ही ॲप उघडल्या उघडल्या दिसणारा झकास ग्राफ केला, महिन्याचं दूध वर गेलं की खाली आलं. ऑफिसात त्याचं कौतुक झालं, मला तर केकही कापायला लावला. मग एकदा पहाटे साडेपाचला संगमनेरकडच्या एका संकलन केंद्रावर जाऊन उभा राहिलो. माणूस कॅन ठेवतो, नमुना मशीनला लागतो, आणि त्याची नजर फक्त तीन आकड्यांवर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ), दर. गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून दर ठरतो, त्याच्या खाली गेलं की पैसे कापले, त्यामुळे आधी तेच बघणार ना. हात ओले, फोन घरी पोराकडे. एका आजोबांना मी माझा ग्राफ दाखवला तर म्हणाले, "हे डोंगर कशाला काढलेत, पगार कधी जमा होणार ते सांगा की."

पगार म्हणजे दर दहा दिवसांचं दुधाचं बिल. आमच्या ॲपमधे ते तीन टॅप आत 'पेमेंट हिस्टरी' नावाखाली पुरलेलं. कुणाला सापडणार? आणि अजून एक, तिथल्या स्वस्तातल्या फोनवर ओळीची उंची कमी पडून अक्षराच्या डोक्यावरचा चंद्र कापला जायचा, 'फॅट'चं 'फट' व्हायचं. आम्हाला महिनोनमहिने पत्ता नाही, कारण आम्ही सगळं डिझाइन इंग्रजीत तपासून मोकळे व्हायचो. आता कुठलीही स्क्रीन समोर आली की मी आधी मराठी टाकून बघतो, ती खोड गेलीच नाही.

पहिल्या वर्षी काय करावं लागेल हेही तिला सांगून ठेवा. बटणाचा रंग ठरवायला फार वेळ लागत नाही, दिवस जातो तो मीटिंगमधे, इंजिनियरला पटवण्यात, बटणावर 'सबमिट' लिहायचं की 'पाठवा' ह्यावर तासभर वाद घालण्यात. कधीकधी साहेब सांगतात की विम्यावर आधीच टिक करून ठेव, लोक काढणार नाहीत. मी एकदा गप्प बसून केलंय, अजून खुपतं. २०२३ मधे केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने असल्या तेरा युक्त्या डार्क पॅटर्न, म्हणजे ग्राहकाला फसवणारी डिझाइन, म्हणून यादीत टाकल्या आणि त्यांना मनाई केली, त्यामुळे आता 'नाही' म्हणायला निदान कागद तरी हातात आहे.

एआयचं तुम्ही म्हणता ते खोटं नाही. एका वाक्यात स्क्रीन करून देणारी टूल्स आलीत आणि नुसत्या स्क्रीन काढणाऱ्या नवख्यांना आता जड जातंय, हे लपवण्यात अर्थ नाही. पण पहाटे संकलन केंद्रावर त्या टूलला कोण नेणार? विचारायचं काय, कुणाला, हे ज्याला कळतं त्याला काम आहे, फक्त आधीसारखं पटकन लागत नाही, वर्षभर खटपट धरून चाला. पगाराचा आकडा मी मुद्दामच देत नाही, कंपनीगणिक इतका फरक पडतो की तो वाचून तुम्ही एकतर हुरळाल नाहीतर घाबराल.

बाबांशी भांडण नको, बीकॉम पुरं करू द्या. तिसऱ्या वर्षाला असताना तिला सीड ही डिझाइनची प्रवेश परीक्षा देता येते, आयआयटी मुंबई घेते, जानेवारीत असते, कुठल्याही शाखेचं तीन वर्षांचं पदवी शिक्षण चालतं आणि वयाचीही अट नाही. त्यातून एम.डेस.ला, म्हणजे डिझाइनच्या पदव्युत्तर पदवीला, अर्ज करता येतो, आयआयटी मुंबईचं पवईचं आयडीसी त्यातच येतं, १९६९ पासूनची संस्था आहे ती, पण प्रत्येक संस्थेच्या प्रवेशाच्या अटी वेगळ्या, बीकॉम चालतं का ते आधी बघा. पेपरच्या दुसऱ्या भागात रेखाटन असतं खरं, पण डोक्यातलं कागदावर समजेल इतकं काढता आलं तरी सुरुवात होते, आणि एक वर्ष हातात आहेच.

आता तुमच्या पत्रातली शेवटची ओळ. तुम्ही तक्रार म्हणून लिहिलीय, दुकानात बसली की नको ते उद्योग करते, उधारीची वही तारखेवार होती ती मोडून हिने घरागणिक पानं पाडली, आणि सासरे अजून जुन्याच वहीत लिहितात म्हणून आता दोन वह्या झाल्यात. ताई, अहो गिऱ्हाईक येऊन "आमचं किती झालं?" विचारतं, "१२ तारखेला काय झालं?" कुणी विचारत नाही, हे तिला कुणी न शिकवता दिसलं. मला हे दिसायला केक कापून झाल्यावर संगमनेर गाठावं लागलं.

पण तिचे आजोबा ती वही वापरत नाहीत म्हणजे काम निम्मंच झालंय. तिला सांगा आठ दिवस संध्याकाळी गर्दीच्या वेळी त्यांच्या शेजारी बस, का वापरत नाही म्हणून विचारू नको, मधे बोलू नको, त्यांचा हात कुठे जातो, पान शोधायला किती वेळ लागतो, चष्मा कधी चढतो, एवढंच लिहून काढ. कदाचित अक्षर बारीक असेल, कदाचित घाईत पान शोधण्यापेक्षा खाली पुढची ओळ लिहिणं त्यांना सोपं जात असेल. मग तिसरी वही करू दे तिला. ती आजोबांनी महिनाभर आपणहून वापरली तर दोन्ही जुन्या वह्यांचे आणि नव्या वहीचे फोटो काढून मला पाठवा, पोर्टफोलिओचं पहिलं पान कसं लिहायचं ते मी सांगतो, त्याचे पैसे नाहीत.