कोडं न विचारता वेबसाइट बॉट कसा ओळखते?

गडकरी रंगायतनचं तिकीट काढताना ‘मी रोबो नाही’ची खूणही मागितली नाही, मग समोर माणूस आहे की बॉट (आपोआप चालणारा प्रोग्राम), हे साइटला कळतं कसं, असं एकाने विचारलंय. हातावरून! कोणती कळ किती मिलिसेकंद दाबली, पुढची किती वेळाने, हे पानावरची स्क्रिप्ट (पानात दडलेला छोटा प्रोग्राम) टिपते. आपला माऊस बटणाच्या जरा पुढे जाऊन मागे येतो. साधा बॉट थेट मध्यावर उडी मारतो. ठाणे लोकलमध्ये उभ्याने बुकिंग करणाऱ्याचा फोन हलतोच, सर्व्हरवरचा नकली फोन ढिम्म. गूगलचं रिकॅप्चा व्ही३ (२०१८) हे बॉट ओळखणारं साधन अशा वागणुकीवरून ० ते १ गुण देतं. ० म्हणजे बहुतेक बॉट. अर्थात हुशार बॉट माणसाच्या रेकॉर्ड केलेल्या हालचालीही वापरतात. उलट स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणारा खरा माणूस माऊस हलवतच नाही आणि फुकट अडकतो. म्हणून कमी गुण दिसले की थेट हाकलण्यापेक्षा ओटीपी मागावा.