घरचे लग्न लावतायत, मैत्रीण दुबईला घरकामाला बोलावते. जाऊ का?

तू 19 वर्षांची, बारावी झालेली. घरी खायची पंचाईत, त्यात लग्न ठरलेलं. दुबईचं तिकीट एजंट काढणार आणि नंतर पगारातून वळतं करणार, असं तू लिहिलंयस. तुला आलेली बाकीची उत्तरंही वाचली. 'आईवडिलांच्या इज्जतीचा विचार कर' लिहिणाऱ्यांपैकी किती जणांनी डोक्यावर उसाची मोळी घेतलीय ते मला बघायचंय.

मी बीडच्या धारूर तालुक्यातली, ऊसतोडीच्या घरातली. आमच्याकडे दिवाळी झाली की गाव ओस पडतं. म्हातारी माणसं तेवढी मागं राहतात, बाकी सगळी ट्रॅक्टरमध्ये बसून सांगली-कोल्हापूरकडे. मजूर नेणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे देतो ती कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला. एकटा पोरगा म्हणजे अर्धा कोयता, त्याला कोण पुरती उचल देणार? म्हणून दिवाळीआधी लग्नं उरकायची घाई. माझं जमवलं तेही असंच. मुलाकडच्यांना पुरा कोयता हवा होता आणि आमच्या वडिलांच्या अंगावर मागच्या हंगामाची उचल फिरलेली, म्हणजे फिटायची राहिलेली. माझं बारावीचं वर्ष कोणाच्या हिशेबात नव्हतं.

उसाच्या फडावर काय असतं ते तुला सांगायची गरज नसावी. रात्री गाडी आली तर रात्री भरायची, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून चढायचं. पाळी असो, ताप असो, खाडा केला की पैसे कापले. बीडच्या बायकांच्या गर्भपिशवी काढायच्या ऑपरेशनांवर 2019 मध्ये सरकारने चौकशी समिती नेमली तेव्हा शहरातल्या लोकांना धक्का बसला म्हणे. माझ्या मावशीची पिशवी त्याच्या कितीतरी आधी काढली होती, तिशीसुद्धा गाठली नव्हती तिने.

मी गेले. एसटीने, एकटी, पुण्याला. आमचे नाना, म्हणजे चुलते, गावभर सांगत फिरले की पोरगी पळाली, वाड्याचे, म्हणजे उसाचे शेंडे विकून आलेले पैसे चोरून नेले. चोरले नाहीत. वाडं विकून जमलेले पैसे आईने स्वतः माझ्या पिशवीत घातले. ती त्यांच्यासमोर बोलत नाही, म्हणून मी इथं लिहितेय. आणि नाना स्वतः दरवर्षी बायको-सुनांना घेऊन अर्धं वर्ष परक्या मुलखात पालाच्या कोपीत राहतात, उघड्यावर आंघोळी. तेव्हा इज्जत कुठं जात नाही. पोरगी स्वतःचं तिकीट काढून गेली की लगेच जाते.

पुण्यात गावाकडच्या एका ताईच्या ओळखीने पेशंट सांभाळायच्या ब्युरोत लागले. चोवीस तासांची ड्युटी, त्याच घरात राहायचं. ब्युरोवाल्याने मूळ मार्कशीट ठेवून घेतली आणि पहिल्या महिन्याचा पगार डिपॉझिट म्हणून दाबला. आजोबा अंथरुणाला खिळलेले होते, त्यांचा त्रास नव्हता. त्रास होता त्यांच्या भाच्याचा. तो मुक्कामाला आला की रात्री पाणी मागायला दार वाजवायचा. मी आजोबांच्या खोलीत अंथरूण टाकायला लागले आणि कमोडची खुर्ची दाराला लावून झोपायचे. ब्युरोला सांगितलं तर म्हणाले, दुसरं घर मिळेपर्यंत डिपॉझिट नाही आणि मार्कशीटही नाही.

तिथं मला मुकादमाची आठवण झाली, दोघांची रीत तीच. आधी पैसे किंवा कागद अडकवायचे, मग माणूस आपोआप अडकतो. तुझं तिकीट काढणारा एजंट ह्याच जातीचा आहे, आणि माझं उत्तर एवढ्यावरच 'नको' आहे. परगावी जाण्याला माझा विरोध नाही. कोणाच्या उचलीवर जाऊ नकोस.

मार्कशीट मी सोडून दिली. डिपॉझिटवरही पाणी सोडलं. बोर्डाच्या विभागीय मंडळाकडून दुय्यम गुणपत्रिका मिळते, ही गोष्ट त्या ब्युरोतल्या निम्म्या पोरींना माहीतच नव्हती. आमचं मंडळ औरंगाबादचं, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचं, तिथून काढली. मग एएनएम हा नर्सिंगचा कोर्स केला. त्याला बारावी कुठल्याही शाखेची चालते, दोन वर्षांचा कोर्स आहे. 'सहा महिन्यांत नर्स' अशा पाट्या दिसतील, तिथं पैसे भरू नकोस. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी त्याने होत नाही आणि ती नसेल तर जन्मभर दवाखान्यातल्या आयाच्या पगारावर राहशील. फीसाठी मी दिवसा कॉलेज आणि रात्री पेशंट केले. सोपं होतं असं म्हणणार नाही.

नानांनी मिसिंगची तक्रारही दिली होती. मी स्वतः पुण्यातल्या चौकीत जाऊन जबाब लिहून दिला की सज्ञान आहे, स्वखुशीने राहतेय. हवालदारांनी माझ्यासमोरच नानांना फोन करून तेच सांगितलं. तू निघालीस तर हे पहिल्याच दिवशी कर, तक्रार येण्याची वाट बघू नकोस. आणि हो, वडिलांच्या अंगावर फिरलेली उचल पुढे मी फेडली. हे नाना गावात सांगत नाहीत.

आता दुबई. ज्यांच्या पासपोर्टवर ईसीआर (परदेशी कामाला जाण्याआधी सरकारी तपासणी लागते असा शिक्का) असतो त्या तीस वर्षांखालच्या बायकांना सरकार आखातात घरकामाला जाऊ देत नाही. तू दहावीच्या पुढं शिकलेली, तुझ्या पासपोर्टवर ईसीआर येणार नाही. म्हणजे तुला अडवणारं कोणी नाही आणि तुझे कागद तपासणारंही कोणी नाही. एजंटचा परवाना ई-मायग्रेट या सरकारी साइटवर स्वतः बघ. कायद्याने तो तुझ्याकडून 30,000 रुपये आणि त्यावर जीएसटी, एवढंच घेऊ शकतो. 'व्हिजिट व्हिसावर चल, तिथं बदलून घेऊ' म्हणाला तर बोलणं तिथंच संपव. मैत्रिणीला विचार, तिचा पासपोर्ट कोणाच्या कपाटात आहे.

माझं निभावलं म्हणून तुझंही निभावेल असं नाही. माझ्याबरोबरच्या एका पोरीला घरच्यांनी गोड बोलून परत नेलं आणि आठवड्यात लग्न लावलं. तुझी आई बाजूने आहे का, हे तू लिहिलंच नाहीस, आणि त्याने खूप फरक पडतो. नसेल तर 181 या महिला हेल्पलाइनला फोन कर, जिल्ह्याच्या ठिकाणी सखी वन स्टॉप सेंटर असतं, तिथं तात्पुरतं राहता येतं. धाकटी बहीण असेल आणि तिचंही जमवायचं चाललं असेल तर तिच्यासाठी 1098 ही मुलांची हेल्पलाइन, अठरा पूर्ण नसतील तर ते लग्न थांबवता येतं.

बाकी काही ठरो न ठरो, मार्कशीट, दाखला आणि आधार आजच पेटीतून काढून बाहेर कोणाकडे तरी ठेव. बस्त्याच्या गडबडीत पेटी कोणी उघडून बघत नाही.