रॅम ३६०० वेगाची घेतली, पण विंडोजचा टास्क मॅनेजर २१३३ च दाखवतो. दुकानदाराने फसवलं का?

रॅम बहुतेक खरीच आहे. फसवणूक झाली असेल तर ती काम अर्धवट सोडण्याची. तुमच्याकडे रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड आणि रॅमच्या ८-८ जीबीच्या दोन स्टिक आहेत. एक्सएमपी (रॅम कंपनीने स्टिकमध्ये भरलेलं वेगाचं प्रोफाइल) चालू केलं की तीनदा काळा पडदा आणि मग परत २१३३. त्यावर दुकानदार म्हणतो, "ते ओव्हरक्लॉकिंग (अधिकृत वेगाच्या वर चालवणं) आहे, हात लावू नका, फरक काही पडत नाही." हे वाक्य मी इतक्या काउंटरवर ऐकलंय की उत्तर लांबणार.

फरक पडतो, आणि तो मोजता येतो. २१३३ वर साधारण सीएल (मागितल्यापासून डेटा येईपर्यंतचे क्लॉक) १५ असतं, म्हणजे १४ नॅनोसेकंद. ३६०० वर सीएल १८ म्हणजे १० नॅनोसेकंद. रॅम आणि प्रोसेसरमधले दोन रस्ते, म्हणजे चॅनल, मिळून सेकंदाला ३४ जीबीच्या जागी ५७ जीबी वाहतात. रायझनमध्ये आणखी एक गोष्ट आहे: ऑटोवर इन्फिनिटी फॅब्रिक रॅमच्या क्लॉकला बांधलेलं असतं. रॅम मंद तर प्रोसेसरच्या आतला रस्ताही मंद. ५६००जी सारखा, ग्राफिक्स आतच असलेला प्रोसेसर असेल आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल, तर खेळांमध्ये हे डोळ्यांना दिसतं.

२१३३ दिसतं कारण स्टिकवर एसपीडी नावाची छोटी चिप असते आणि तिच्यात दोन प्रकारचे तक्ते असतात. एक जेडेक या मेमरीची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचा, १.२ व्होल्टचा, कुठल्याही बोर्डावर उठेल असा. दुसरा एक्सएमपीचा, ३६०० आणि १.३५ व्होल्टचा. बोर्ड आपणहून पहिलाच वाचतो, दुसरा माणसाने बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) जाऊन निवडावा लागतो. एससच्या एएमडी बोर्डांवर त्याला डीओसीपी म्हणतात, एमएसआयच्या बऱ्याच बोर्डांवर ए-एक्सएमपी. आणि सीपीयू-झेड या हार्डवेअरची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये १८०० दिसलं तर घाबरू नका, तो आकडा दुप्पट करून वाचायचा.

आता काळ्या पडद्याचं. कोल्हापुरात लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्या एकाचं मशीन समोर आलं होतं. ५७००एक्स, बी५५० बोर्ड, ८ च्या चार स्टिक, सगळ्या ३६००, सीएल १८. दोन आधी घेतलेल्या, दोन आठ महिन्यांनी, डब्यावर मॉडेल नंबर अक्षरशः तोच. एक्सएमपीवर मशीन कधी उठायचं, कधी नाही. उठलं तर चाळीस मिनिटांचं एक्सपोर्ट मध्येच निळ्या पडद्यावर संपायचं. दुकानातून सल्ला मिळाला: २१३३ वर ठेवा. त्याने तसंच ठेवलं आणि सीझनभर रात्री जागून काढल्या.

आधी कॅबिनेट आडवं केलं. चौथ्या स्लॉटमधली स्टिक एका बाजूने जेमतेम एक मिलिमीटर वर होती. स्लॉटची वरची पकड 'टक्' करून बसली होती, खालच्या बाजूला पकड नसते, तिथे नुसतं दाबून बघावं लागतं. काढली, सोनेरी पट्ट्यांवर करडा थर. शाळेतलं पांढरं मऊ खोडरबर हलक्या हाताने फिरवलं, मग आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसलं. खोडरबराचा चुरा स्लॉटमध्ये जाऊ देऊ नका, नाहीतर एक दुखणं काढून दुसरं घालाल.

तरी चारही एकत्र ३६०० वर पडल्या. सीपीयू-झेडच्या एसपीडी टॅबवर डीरॅमचा (स्टिकवरच्या मेमरी चिपचा) उत्पादक बघितला: जुन्या जोडीवर हायनिक्स, नव्यावर मायक्रॉन. स्टिकर तोच, आतली चिप वेगळी. रॅम कंपन्या हे सर्रास करतात आणि डब्यावर कुठेही लिहीत नाहीत. मग एकेक स्टिक सीपीयूपासूनच्या दुसऱ्या स्लॉटमध्ये, एक्सएमपी चालू, मेमटेस्ट८६ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रामची एकेक फेरी. चारही स्वच्छ. जुनी जोडी दुसऱ्या-चौथ्या स्लॉटमध्ये ३६०० वर स्वच्छ, नवी जोडीही तशीच. चार एकत्र केल्या की दुसऱ्या फेरीत चुकांच्या लाल ओळी. म्हणजे एकही स्टिक खराब नव्हती, चारांचा भार प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरला पेलत नव्हता. या पिढीच्या प्रोसेसरला चार सिंगल रँक (चिपचा एकच संच असलेल्या) स्टिकसाठी एएमडीने अधिकृत आकडाच २९३३ दिलाय.

शेवटी वेग ३२०० वर आणला आणि टायमिंग (रॅमच्या थांबण्याचे आकडे) हाताने भरलं: १६-२०-२०-३८, कमांड रेट २टी, रॅमला १.३५ व्होल्ट, एसओसीला (प्रोसेसरचा मेमरी कंट्रोलर असलेला भाग) १.१, फॅब्रिक १६००. मेमटेस्टच्या चारही फेऱ्यांत एकही चूक नाही. सीएल १६ ला ३२०० म्हणजे तेच १० नॅनोसेकंद, लेटन्सीत (डेटा यायला लागणाऱ्या वेळात) काही गमावलं नाही. त्याने सुरुवातीलाच १६ च्या दोन स्टिक घेतल्या असत्या तर यातलं काहीच करावं लागलं नसतं.

तुमच्या मशीनवर मी या क्रमाने गेलो असतो. पहिलं बायोस. बी४५० हा ५६०० च्या आधीचा बोर्ड आहे, आणि मेमरी ट्रेनिंगच्या (सुरू होताना बोर्ड रॅमशी जुळवून घेतो त्याच्या) सुधारणा बायोस अपडेटमधूनच येतात. अपडेट झालं की सगळी सेटिंग पुसली जातात, एक्सएमपी परत निवडा. मग स्लॉट: चार स्लॉटचा बोर्ड असेल तर सीपीयूपासून दुसरा आणि चौथा. पहिल्या-तिसऱ्यात लावल्या तरी ड्युअल चॅनल मिळतं, पण तारा पुढच्या रिकाम्या स्लॉटपर्यंत जातात, सिग्नल तिथून उलटा येतो आणि जास्त वेगाला तोच नडतो. पहिल्या-दुसऱ्यात असतील तर चॅनलही एकच. त्यानंतर एक्सएमपी निवडून सेव्ह करायच्या आधी रॅमचा व्होल्टेज खरंच १.३५ झालाय का ते वाचा. काही जुन्या बोर्डांवर प्रोफाइल वेग उचलतं आणि व्होल्टेज १.२ वरच राहतो. तुमचा काळा पडदा याचाच असण्याची शक्यता बरीच आहे.

एवढ्यावरही उठलं नाही तर प्रोफाइल तसंच ठेवून फक्त वेग ३४६६ करा, मग ३२००. जिथे स्थिर होईल तिथे मेमटेस्टच्या चार फेऱ्या करा. विंडोज चालू झालं म्हणजे रॅम स्थिर आहे असं नसतं. अर्धवट स्थिर रॅम गुपचूप फाइली खराब करते, म्हणून चाचणी होईपर्यंत कामाच्या फाइलींना हात लावू नका. मशीन अगदीच उठेनासं झालं तर वीज काढून बोर्डावरच्या क्लिअर सीमॉसच्या (बायोसची सेटिंग पुसणाऱ्या) दोन पिनांना दहा सेकंद स्क्रूड्रायव्हर टेकवा.

हे सगळं डीडीआर४ आणि रायझनचं. इंटेलच्या एच५१० बोर्डावर ३६०० ची रॅम लावली असेल तर एक्सएमपीचा आग्रह सोडा, तो चिपसेट मेमरी ओव्हरक्लॉक करूच देत नाही. बी५६० देतो. डीडीआर५ वर पहिल्या ट्रेनिंगला पडदा काही मिनिटं काळा राहतो, लोक दीड मिनिटात बटण दाबून सगळं पुन्हा पहिल्यापासून करतात.

दुकानदाराचं "हात लावू नका" वॉरंटीच्या बाबतीत अर्धं बरोबर आहे, तेही सांगतो. स्टिक ३६०० म्हणूनच विकलीय, त्या वेगाला ती चालली नाही तर बदलून मागायचा हक्क तुमचाच. प्रोसेसरचं तसं नाही. ५६०० ला दोन स्टिकवर अधिकृत वेग ३२०० पर्यंतच आहे, त्यापुढचं एएमडी ओव्हरक्लॉकिंग धरते आणि त्यातून झालेलं नुकसान भरून देत नाही. ३६०० आणि १.३५ व्होल्टने ५६०० जळलेला मी पाहिलेला नाही, पण कागदावर अट आहे. ती नको असेल तर ३२०० वर चालवा, २१३३ वर नाही.

आणि पुढच्या वेळी असेंबल केलेलं मशीन घेताना पैसे द्यायच्या आधी काउंटरवरच टास्क मॅनेजर उघडायला लावा. परफॉर्मन्स, मेमरी, स्पीड. बिलावर ३६०० आहे तर तिथे ३६०० दिसलं पाहिजे. कमी दिसत असेल तर एवढंच म्हणा: "प्रोफाइल लावून एकदा रीस्टार्ट करा, मी थांबतो." सगळं जमलेलं असेल तर हे पाच मिनिटांचं काम आहे. आणि नसेल, तर ते शोधणं असेंबलीचे पैसे घेणाऱ्याचं काम आहे.