मालिकेतून दिग्दर्शनाकडे निघालेल्या मुलीस

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र सावकाश वाचलं. मालिकेत सोज्वळ सून करतेस, नाटकात तमासगिरीण केलीस, डोक्यात एक भुताची गोष्ट घोळते आहे आणि लघुपट करायचाय तो निवृत्त एसटी कंडक्टरवर. यावर युनिटमधल्या कुणा जाणत्याने सांगितलं, की आधी एक काहीतरी ठरव, नाहीतर लोकांना तू कळणारच नाहीस. मालिकेपुरता हा सल्ला ठीक आहे. रात्री साडेआठला टीव्ही लावणाऱ्याला सून कालच्यासारखीच दिसायला हवी. पण त्यावर पुढची तीस वर्षं बेतायचं काही कारण नाही. म्हणून आज बंगाली अभिनेत्री आणि दिग्दर्शिका अपर्णा सेन यांच्याबद्दल लिहिते. ‘मिस्टर अँड मिसेस अय्यर’ तू पाहिला आहेस, बाकी काम बघायचं राहिलंय असं म्हणालीस. बाकी कामच मोठं आहे.

एक गोष्ट आधीच बोलून टाकते, म्हणजे तू उगाच स्वतःला कमी लेखणार नाहीस. बाईंना जी सुरुवात मिळाली ती तुला-मला मिळत नसते. जन्म 1945 चा. वडील चिदानंद दासगुप्ता, चित्रपट-समीक्षक. 1947 साली सत्यजित राय यांच्याबरोबर कलकत्ता फिल्म सोसायटी काढणाऱ्यांपैकी एक. जगभरच्या सिनेमाची चर्चा घरातच. त्यामुळे 1961 च्या ‘तीन कन्या’ या तीन कथांच्या चित्रपटातल्या ‘समाप्ती’ या कथेसाठी राय यांनी या शाळकरी मुलीला घेतलं, यात नवल नाही. नवल आहे ते पुढचं. पहिली भूमिका 1961 ला आणि दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट 1981 ला. मधली वीस वर्षं लोक दोन ओळींत उरकतात. तू मात्र तिथेच थांबून बघ, कारण तू आत्ता त्याच वर्षांत आहेस.

त्या काळात बाई बंगाली व्यावसायिक सिनेमाच्या नायिका होत्या. उत्तमकुमारबरोबर ‘जय जयंती’, म्हणजे ‘साउंड ऑफ म्युझिक’चा बंगाली अवतार. सौमित्र चॅटर्जींबरोबर ‘वसंत विलाप’, गल्लीतली टवाळ पोरं आणि हॉस्टेलमधल्या मुली यांच्या भांडणाचा निव्वळ हसवणारा सिनेमा. हिंदीत जितेंद्रबरोबर ‘विश्वास’, पुढे ‘इमान धरम’. जेम्स आयव्हरींच्या इंग्रजी चित्रपटांतही कामं केली. राय यांच्या ‘अरण्येर दिन रात्री’त तर भूमिका इतकी छोटी की डोळा लागला तर निसटेल. यातलं बरंच काम आज कुणी आवर्जून काढून बघत नाही, आणि खरं सांगायचं तर त्यातलं काही बघण्यासारखंही नाही. पण वीस वर्षं सेटवर असलेल्या माणसाला लेन्स बदलली की चेहऱ्याचं काय होतं हे कळतं, नट कधी खोटं बोलतोय हे कळतं, आणि दुपारच्या जेवणानंतर युनिट का सुस्तावतं हेही कळतं. पहिली पटकथा त्यांनी अशाच धबडग्यात लिहिली. राय यांना वाचायला दिली, त्यांनी करच म्हणून सांगितलं आणि निर्मितीसाठी शशी कपूर यांचं नाव सुचवलं.

ती पटकथा म्हणजे ‘36 चौरंगी लेन’. चित्रपट नीट बघ, घाई न करता. कलकत्त्यात एकटी राहणारी अँग्लो-इंडियन शिक्षिका, मिस स्टोनहॅम. भूमिका जेनिफर केंडल यांची. वर्गात शेक्सपिअर शिकवते, मुलींना त्यात रस नाही. घरी मांजर आहे, भाऊ वृद्धाश्रमात. एक जुनी विद्यार्थिनी आणि तिचा मित्र घरी येऊ लागतात. दोघांना एकांतासाठी जागा हवी असते आणि बाईला वाटतं, आपल्याकडे माणसं आली. नाताळला आम्ही गावात नसू, असं त्यांनी सांगितलेलं असतानाही ती केक घेऊन त्यांच्या घरी जाते. आत पार्टी चाललेली. ती बाहेरूनच परत फिरते. रात्री रस्त्यावरच्या कुत्र्याला ‘किंग लिअर’मधल्या ओळी ऐकवत राहते.

आता यात काय नाही ते बघ. त्या जोडप्याला खलनायक केलेलं नाही. ती दोघं तुझ्या-माझ्यासारखीच आहेत. गरज संपली की विसरणारी. आणि पस्तिशीतल्या, नाव कमावलेल्या नायिकेने आपल्या पहिल्याच चित्रपटात स्वतःला भूमिका दिलेली नाही! तू मात्र कंडक्टरच्या गोष्टीत कंडक्टरच्या मुलीचं काम वाढवून स्वतःसाठी ठेवलंयस. ते काढ. गोष्टीला त्या मुलीची गरज असेल तर ती परत येईल.

चित्रपट इंग्रजीत का, असा प्रश्न तेव्हा बऱ्याच जणांना पडला असणार. मिस स्टोनहॅम इंग्रजीतच जगते, म्हणून. बाकीचा हिशेब मागाहून. उत्तम दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, छायाचित्रणाचा अशोक मेहतांना मिळाला.

यापुढे तुला जे सांगायचंय त्यासाठी दोन चित्रपट जवळजवळ ठेवून बघावे लागतील. 1980 मध्ये राय यांनी फ्रेंच दूरचित्रवाणीसाठी ‘पिकू’ नावाचा अर्ध्या तासाच्या आतला चित्रपट केला. त्यात अपर्णा सेन आई आहेत. नवरा कामावर, प्रियकर घरी आलेला, आणि मुलगा बागेत फुलांची चित्रं काढतोय. आपण सगळं बघतो ते त्या लहानग्याच्या आसपास राहून. आईबद्दल कणव आहे, पण आपला जीव अडकतो मुलात. पाच वर्षांनी बाईंनी स्वतः ‘परमा’ केला. राखी यांनी केलेली, भरल्या घरातली चाळिशीची गृहिणी. एक छायाचित्रकार तिचे फोटो काढता काढता तिच्या प्रेमात पडतो, तीही गुंतते, आणि घराला कळतं. परिस्थिती जवळपास तीच. पण आता आपण बाईच्या खोलीत आहोत. घरातले सगळे तिच्याशी बोलणं टाकतात, डॉक्टर तिला अपराधीपणाबद्दल समजावतात, आणि ती सांगते की मला तसं काही वाटत नाही. त्या काळी कलकत्त्यात यावरून भरपूर आरडाओरडा झाला.

राय यांचा चित्रपट कमी आणि यांचा जास्त, असं मी म्हणत नाहीये. मला तर ‘पिकू’ कलाकृती म्हणून अधिक घट्ट वाटतो. पण अभिनेत्री म्हणून जी बाई आपण बाहेरून साकारली, तिच्या बाजूने उभं राहून बघितलं तर काय दिसेल, हा प्रश्न त्यांना पडला असावा असं मला वाटतं. तुला तुझ्या सुनेबद्दल असा प्रश्न कधी पडलाय का? रोज बारा-तेरा तास तिच्या साडीत असतेस. लेखकाने तिला जे बोलू दिलेलं नाही ते तुला आतापर्यंत पाठ झालेलं असणार.

हे एकदा लक्षात आलं की त्यांच्या कामातली विविधता वेगळीच दिसायला लागते. ‘सती’ 1828 सालातला. पत्रिकेत वैधव्य आहे म्हणून झाडाशी लग्न लावलेली मुकी मुलगी, शबाना आझमी. ‘जपानीज वाइफ’मध्ये सुंदरबनातला शाळामास्तर, जपानमधल्या पत्रमैत्रिणीशी पत्रातूनच लग्न झालेलं, आयुष्यभर भेट नाही. ‘15 पार्क अव्हेन्यू’त स्किझोफ्रेनिया झालेली मुलगी नसलेला पत्ता शोधतेय. आणि मग 2013 चा ‘गयनार बाक्शो’, चक्क भुताचा विनोदी सिनेमा! बालविधवा आत्या मरते पण दागिन्यांच्या पेटीवरचा जीव सुटत नाही, आणि भूत होऊन घरातल्या सुनेला छळते. मौसमी चॅटर्जींनी ही आत्या अशी काही केलीय की बस. पूर्व बंगालच्या बोलीत ती जे काही वाह्यात बोलते, ते जिवंतपणी कुठल्याही विधवेला बोलता आलं नसतं. भूत झाल्यावर तिला कोण अडवणार? भुताचा प्रकार तिथे का आला ते कळलं ना? आत्याला तोंड उघडता यावं म्हणून. तुझ्या भुताचं मला अजून हे कळलेलं नाही. ते घाबरवतं, एवढंच कळलं.

‘मिस्टर अँड मिसेस अय्यर’ तुझा पाहून झालाय, पण आता भाषेकडे कान देऊन पुन्हा बघ. तमिळ ब्राह्मण बाई आणि बंगाली मुसलमान पुरुष, बसमध्ये शेजारी. दोघांना समाईक भाषा एकच, इंग्रजी. तो मुसलमान आहे हे कळल्यावर, त्याच्या बाटलीतलं पाणी आपण प्यायलो या विचाराने तीच शहारते. आणि तीच थोड्या वेळाने दंगलखोरांसमोर त्याला आपला नवरा म्हणून वाचवते. सिनेमा मराठीत करू की हिंदीत, असं तू विचारलंस. तुझा कंडक्टर घरी कुठली मराठी बोलतो, तेवढं आधी मला ऐकव.

सगळंच जमलं असंही नाही. ‘अर्शीनगर’मध्ये रोमिओ-ज्युलिएटची गोष्ट, संवाद यमकात, मध्ये गाणी, मला तो धाप लागल्यासारखा वाटला. ‘सोनाटा’ 2017 चा. हे आपल्या महेश एलकुंचवारांचं नाटक: मुंबईतला फ्लॅट, तीन एकट्या प्रौढ मैत्रिणी, एक संध्याकाळ. स्वतः अपर्णाबाई, शबाना आझमी आणि लिलेट दुबे. तिघी एकाहून एक, तरी चित्रपट रंगमंचावरून खाली उतरलाच नाही. आधी नाटक वाच, मग चित्रपट बघ, आणि कुठल्या वाक्याला कॅमेऱ्याने काही केलं आणि कुठे नुसता उभा राहिला, याच्या खुणा कर. चांगल्या चित्रपटांपेक्षा यातून जास्त शिकशील.

अभिनय सोडायचा का, या तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर साफ ‘नाही’ असं आहे. तीन पूर्ण लांबीचे चित्रपट दिग्दर्शित करून झाल्यावर बाई ऋतुपर्णो घोष या तेव्हा नव्या असलेल्या दिग्दर्शकाच्या ‘उनिशे एप्रिल’मध्ये नर्तकी आई झाल्या. कलेपायी मुलीपासून तुटलेली, आत्ममग्न, सहजासहजी न आवडणारी बाई. पुढे स्वतःच्या ‘पारमितार एक दिन’मध्ये त्यांनी सासू केली, आणि सून-सासूच्या मैत्रीचा असा चित्रपट मी दुसरा पाहिलेला नाही. सासू-सून रोज खेळणाऱ्या तुला तो सगळ्यात आधी बघायला सांगायला हवा होता. त्यातली आजारी मुलगी खुकू लक्षात ठेव. पाच वर्षांनी ‘15 पार्क अव्हेन्यू’ का आला असेल, याचा धागा तिथे सापडतो.

आणि पोटापाण्याचं. 1989 ते 2000 या काळात दिग्दर्शक म्हणून त्यांचे मोठे चित्रपट मोजकेच आहेत. पण 1986 पासून त्या ‘सानंदा’ या बंगाली पाक्षिकाच्या संपादक होत्या. दर पंधरवड्याला अंक निघतो, लेख कापावे लागतात, वाचकांची पत्रं येतात. मालिका सोडून दे म्हणणाऱ्यांचं म्हणून ऐकू नकोस. करार संपेपर्यंत कर, पैसे बाजूला टाक, आणि तुझा सीन नसेल तेव्हा व्हॅनिटीत रील बघत बसण्यापेक्षा मॉनिटरमागे जाऊन उभी राहा. डीओपी, म्हणजे कॅमेरा सांभाळणारा छायाचित्रण-दिग्दर्शक, चिडला तर चहा नेऊन दे.

आता काम. भुताची गोष्ट सध्या बाजूला ठेव. कंडक्टरच्या लघुपटाची पटकथा नव्याने लिही, मुलीला वगळून. तो निवृत्त झाल्यानंतरच्या पहिल्या सकाळी किती वाजता उठतो, इथून सुरू कर. त्याआधी एखाद्या डेपोत जाऊन खऱ्या कंडक्टरांशी बोल. पहिली दहा पानं झाली की पाठव. हाताने लिहिलेली चालतील, पण पानांना नंबर घाल. मागच्या वेळी तुझा सीन सहा मला सीन नऊच्या नंतर सापडला होता.

तुझी,
ताई